उतारवयाचे बिऱ्हाड : घरी की वसाहतीत?

अलीकडे रविवारच्या वर्तमानपत्रांतून एका निराळ्याच प्रकारची जाहिरात दिसू लागली आहे. पांढऱ्या केसांचे एक जोडपे बागेतल्या बाकावर बसलेले असते, मागे लहानसे देऊळ दिसते, आणि खाली मजकूर असतो : दोन वेळचे सात्त्विक जेवण, चोवीस तास परिचारिका, भजनाला सभागृह, ज्येष्ठांसाठी खास वसाहत. जाहिरात शहरातल्या माणसासाठी असते खरी, पण ती खेड्यातही येऊन पोहोचते. पुण्यामुंबईला नोकरीला असलेला मुलगा ते पान घडी करून गावी आणतो आणि रात्री जेवणे झाल्यावर भीतभीत विषय काढतो. आई काही बोलत नाही. वडील म्हणतात, "म्हणजे आम्हाला आश्रमात टाकायचं ठरलं म्हणा की!" आणि विषय तिथेच मिटतो.

तो असा मिटू नये. मुलाची भीती खोटी नसते आणि बापाचा रागही खोटा नसतो. दोघांचे चुकते ते एवढेच, की प्रश्न लाजेचा आहे असे दोघेही धरून चालतात. माझ्या मते हा प्रश्न लाजेचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. पैसा कोणाच्या हातात राहणार, घरदार कोणाच्या नावावर राहणार, आणि माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे त्याचे कोण करणार, या तीन गोष्टी स्पष्ट झाल्या तर निम्मा वाद आपोआप संपतो. आज त्यांचाच विचार करू.

पहिल्यांदा नावांचा घोळ दूर करू. 'वृद्धाश्रम' या एका शब्दाखाली आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली म्हणजे निराधारांसाठी चालवलेला धर्मादाय आश्रम. पुण्यातला 'निवारा' हा एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिला, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे कालपरवाची नव्हे. राज्य शासनाची वृद्धाश्रम योजना १९६३ सालची आहे. तीत साठ वर्षांवरील निराधार पुरुषांना आणि पंचावन्न वर्षांवरील निराधार स्त्रियांना विनामूल्य आसरा मिळावा अशी सोय आहे. पुढे १९९५ मध्ये 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आली. दुसरी गोष्ट म्हणजे अनामत आणि दरमहा शुल्क घेऊन चालणारा सशुल्क वृद्धाश्रम. इथे खोली मिळते, पण ती आपल्या मालकीची नसते. आणि तिसरी म्हणजे ती जाहिरातीतली वसाहत : स्वतंत्र सदनिका, स्वतःचे कुलूप, हवे तर स्वतःचा स्वयंपाक, नको असेल तर सामाईक भोजनगृह. पुण्याच्या आसपास अशी संकुले गेल्या पंचवीसेक वर्षांत बरीच झाली. यांत काही ठिकाणी घर विकत मिळते, काही ठिकाणी भाड्याने, तर काही ठिकाणी मोठी ठेव घेऊन केवळ हयातीपुरता राहण्याचा हक्क मिळतो. हा शेवटचा फरक फार महत्त्वाचा आहे. घर विकत घेतले तर ते मागे वारसांना जाते. हयातीपुरता हक्क घेतला तर मागे राहते ती करारात लिहिली असेल तेवढी ठेव. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असते.

आता लाजेविषयी एकच गोष्ट सांगतो. घर सोडून उतारवय काढणे हे आपल्या समाजाला अगदीच परके नाही. वानप्रस्थाची गोष्ट सोडून द्या, ती पोथीतली. पण आळंदीला, पंढरपूरला मठात किंवा धर्मशाळेत खोली धरून राहिलेले आजोबा-आजी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. सकाळी नदीवर स्नान, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, आणि एकादशीला गावाकडचे कोणी भेटले की घरची खुशाली. त्यांना कोणी 'मुलांनी टाकले' असे म्हणत नसे. ते स्वतःच्या इच्छेने गेले होते आणि मनात आले तर परत येऊ शकत होते. मान राहतो तो या दोन गोष्टींमुळे. वसाहत चांगली की वाईट हे ठरवतानाही आधी हेच दोन प्रश्न विचारावेत.

फायदे कोणते? जाहिरातीतली बाग आणि देऊळ बाजूला ठेवा. मला सर्वांत मोठा फायदा दिसतो तो म्हाताऱ्या बाईचा. आपल्याकडे पुरुष निवृत्त होतो, बाई होत नाही. शाळामास्तर अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-तुरे घेऊन घरी बसतात. त्यांची पत्नी मात्र पंच्याहत्तरीतही, गुडघे धरून का होईना, चुलीपुढे किंवा ओट्यापुढे उभी असते. चहा, नाश्ता, पाहुणा, पथ्याचे वेगळे, उपासाचे वेगळे. अशा बाईला जेव्हा कोणीतरी वाढलेले ताट समोर येते, तेव्हा ते तिच्या आयुष्यात माहेरपणाखेरीज क्वचितच घडलेले असते. वसाहतीला विरोध करणाऱ्या पुरुष मंडळींनी आपल्या बायकोला एकदा एकांतात विचारून पाहावे. उत्तर त्यांना वाटते तेच येईल असे नाही.

दुसरा फायदा रात्रीचा. छातीत कळ आली, न्हाणीघरात पाय घसरला, तर घंटा वाजवल्यावर कोणी तरी येईल हा भरवसा. मुले परगावी असलेल्या घरात ही भीती रोज दिवेलागणीला आत येते. तिसरा, सोबत. समवयस्क माणसाशी बोलताना प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आणि चौथा, ज्याविषयी आपण मोकळेपणी बोलत नाही : दोन खोल्यांच्या घरात सून, सासू, परीक्षेची मुले आणि दूरदर्शन संच यांच्यात जी रोजची ओढाताण चालते, ती थांबते. वेगळे राहिल्यावर सासूसुनेचे गोत्र जमल्याची उदाहरणे काही थोडी नाहीत.

मग तोटे? ते समजून घ्यायला ही कल्पना जिथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर करून पाहिली गेली तिथे थोडे जाऊन यायला हवे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' नावाची नगरी विक्रीला खुली केली. उन्हाळी हवा, गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव, आणि नियम असा की वस्ती वयस्कांची. लहान मुले असलेल्या कुटुंबांना तिथे घर नाही. लोकांनी झुंबड करून घरे घेतली. नगरी वाढली, तिथले रहिवासी मजेत राहिले, एकमेकांच्या मदतीला संस्था काढल्या. हे सगळे खरे. पण याच मंडळींनी पुढच्या वर्षांत आसपासच्या शाळांसाठी काढायच्या कर्जरोख्यांना मतदानात वारंवार विरोध केला. आमची मुले नाहीत, मग शाळेचा कर आम्ही का भरावा, हा त्यांचा सवाल. शिक्षक वाचकांनी यावर जरूर विचार करावा. ती माणसे काही दुष्ट नव्हती. रोज सकाळी दप्तर घेऊन जाणारे पोर दृष्टीला पडत नसले की शाळा ही आपली गोष्ट राहत नाही, इतकेच.

आपल्या वसाहतींचे प्रमाण लहान आहे आणि त्या शहराला लागून आहेत, तेव्हा इतकी टोकाची स्थिती आपल्याकडे नाही. पण एकाच वयाच्या माणसांत राहण्याचा भार इथेही जाणवतो. शेजारची खोली रिकामी होते, मग समोरची. पंगतीतला रोजचा जोडीदार एके दिवशी जेवायला येत नाही. गावात मरण येते तसे बारसेही येते. वसाहतीत बारसे नसते.

खेड्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट जड जाते. गावात म्हाताऱ्याला काम असते. कोणी ते काम म्हणून मोजत नाही, पण असते. वासरू बांधणे, खळ्यावर राखण, बांधाच्या तंट्यात जुनी खूण कुठे होती ते सांगणे, लग्नाच्या यादीला बसणे, पोराला शाळेत सोडणे. म्हातारी पापड-कुरडयांची मापे सांगते, बाळंतिणीला काय द्यायचे ते सांगते. वसाहतीत सगळे आयते मिळते आणि कोणीच काही विचारत नाही. शहरातल्या नोकरदाराला त्याचे फारसे वाटत नाही, कारण त्याला निवृत्तीच्या दिवसापासूनच कोणी काही विचारलेले नसते! पण ज्याचा दिवस गुरांच्या वेळेने चालला त्याला दुपारी एक ते चार हा वेळ खायला उठतो. त्यात जेवण पोळी-भाताचे. भाकरी आठवड्यातून एकदा 'खास बेत' म्हणून. हसण्यावारी नेऊ नका, आयुष्यभर ज्वारी-बाजरी खाल्लेल्या माणसाला हे लहान दुःख नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. वसाहतीत जाताना माणूस चालता-फिरता असतो. पुढे तो तसा राहत नाही, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याच वेळी कोणी तो विषय काढत नाही. पुष्कळ सशुल्क आश्रमांत प्रवेशाची अटच अशी असते की अर्जदार स्वतःचे स्वतः करू शकणारा असावा. मग माकडहाड मोडले, पक्षाघात झाला, स्मृतिभ्रंश होऊन माणूस रात्री उठून दार शोधू लागला, की संस्था मुलाला कळवते : यांना घेऊन जा. म्हणजे ज्या दिवसासाठी म्हणून आपण तिथे गेलो, नेमक्या त्याच दिवशी ते दार बंद होते. सगळीकडे असे नाही. काही ठिकाणी शुश्रूषेचा वेगळा विभाग असतो, त्याचे शुल्क वेगळे आणि बरेच अधिक असते. तेव्हा चौकशीला गेल्यावर बाग पाहू नये. सरळ विचारावे : "इथे अंथरुणाला खिळलेली माणसे कुठे ठेवता? ती खोली दाखवा." खोली दाखवली, ती स्वच्छ असली, आणि तिथल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण कोरडे असले, तर बाकीचे पुष्कळसे बरे असेल असे समजायला हरकत नाही.

इमारतीची पाहणी सोपी आहे. महाराष्ट्रात बांधकाम व्यवसायावर देखरेख करणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले : एकापेक्षा अधिक मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद दारे, न्हाणीघरात धरायला दांडे, न घसरणारी फरशी. हे उत्तम झाले. पण फरशीवरून माणूस घसरणार नाही एवढेच त्याने होते. रात्री दोनला घंटा वाजवल्यावर परिचारिका किती वेळात येते, ते तिथे राहणाऱ्यांनाच विचारावे लागते, आणि तेही व्यवस्थापक जवळ नसताना.

पैशाचा हिशेब मात्र कागदावर मांडा. समजा, आज एका माणसाचे शुल्क दरमहा १५,००० रुपये आहे आणि ते दरवर्षी सात टक्क्यांनी वाढते. दहा वर्षांनी ते सुमारे २९,५०० होते. बँकेतल्या ठेवीचे व्याज तेवढेच राहते, किंवा कमीही होते. निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता असतो म्हणून शिक्षकांचे थोडे बरे. पण त्यांच्या हिशेबात दुसरी खोच आहे. जुन्या पद्धतीने निवृत्तिवेतन घेणाऱ्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी रक्कम मिळते. त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे तीस टक्के असते. म्हणजे मूळ वेतन ६०,००० असेल तर नवऱ्याच्या हयातीत ३०,००० आणि मागे तिला १८,०००, अधिक भत्ता. वसाहतीत एकाचे शुल्क दोघांच्या शुल्काच्या निम्मे असतेच असे नाही, कारण खोलीचे भाडे तेवढेच राहते. म्हणून गुरुजींनी हिशेब करताना तो आपल्या हयातीचा न करता आपल्या पत्नीच्या शेवटच्या दहा वर्षांचा करावा. तो जमत असेल तरच ठेव भरावी.

आणि ज्यांना निवृत्तिवेतनच नाही त्यांचे? २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे साडेदहा कोटी भरली आणि त्यांतली सुमारे ७१ टक्के खेड्यांत राहणारी होती. शेतमजुरी करून म्हातारे झालेल्या माणसाला श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. ही वाढ २०२३ सालची. त्यात वसाहत तर राहोच, औषधेही पुरी होत नाहीत. जाहिरातीतली वसाहत ही थोड्यांची सोय आहे, हे ध्यानात ठेवूनच तिच्याविषयी बोलावे.

वसाहतीची ठेव भरायला पैसा येतो कुठून? इथेच खरी मेख आहे. जमीन विकून, किंवा घर मुलाच्या नावावर करून 'तू भर' असे सांगून. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून हयातीतच सर्वस्व मुलांना वाटून टाकणाऱ्या बापाची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तरी दर वर्षी नव्याने कोणी ना कोणी बक्षीसपत्रावर सही करतोच. त्यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा माहीत असावा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. मात्र अट दस्तात लिहिलेली असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या अटीवर बोट ठेवले. २०२५ च्या जानेवारीत एका आईच्या खटल्यात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगितले, पण तिथेही मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिलेले होते. तोंडी भरवशावर राहू नये. उत्तम म्हणजे हयातीत नावावर करूच नये. मृत्युपत्र करावे, ते केव्हाही बदलता येते.

याच कायद्याने मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडे यांच्याकडून पोटगी मागता येते. अपत्य नसेल तर जो वारस मालमत्ता घेणार त्याच्याकडून. अर्ज प्रांताच्या म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये धरली आहे, आणि अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत लावायचा आहे. कागद कसा करावा हे न कळल्यास १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा विनाशुल्क दूरध्वनी आहे. मुलावर अर्ज करावा असे मी सुचवत नाही. पण मुलगा आणि बाप यांच्यात बोलणे होते तेव्हा बापाला आपला हक्क ठाऊक असला, तर आवाज चढवावा लागत नाही.

आता जे गावातच राहू इच्छितात, आणि बहुतेकांना तेच हवे असते, त्यांच्यासाठी. वसाहतीत जे पैसे देऊन मिळते त्यातले काही गावात जवळजवळ फुकट उभे करता येते. सोबत हवी, तर विरंगुळा केंद्रासाठी एक खोली पुरते : ग्रामपंचायतीची, देवळाची किंवा भरतीअभावी रिकामा पडलेला शाळेचा वर्ग. एक घागर, दोन सतरंज्या, वर्तमानपत्र, पंखा. जेवणासाठी बचतगटाच्या बाईला महिना ठरवून दोन डबे लावता येतात. मुलाने वसाहतीच्या शुल्काच्या चौथ्या हिश्श्यात ते होते. रात्रीची सोय सर्वांत अवघड. तिथे शेजारी लागतो, आणि शेजाऱ्याला नुसता शब्द नको, किल्ली द्यावी लागते. न्हाणीघरात भिंतीला लोखंडी दांडा बसवून घेणे हे गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे. दिवाळीला आलेल्या मुलाने मिठाईच्या पुड्याआधी हे काम करावे.

आणि ज्यांचे जायचे ठरत आले आहे त्यांनी आधी महिनाभर पाहुणे म्हणून राहून पाहावे. कित्येक ठिकाणी तशी सोय असते. त्या महिन्यात गावचे घर बंद करू नये, भांडी वाटू नयेत, गाय विकू नये. करारपत्र बहुधा इंग्रजीत असते. ते गावातल्या शिक्षकाकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावे. गुरुजी, आपणही असा कागद कोणी घेऊन आले तर शाळा सुटल्यावर तासभर द्या. ठेव परत कधी मिळते, मध्येच सोडले तर किती कापतात, शुल्क वर्षाला किती वाढवू शकतात, रुग्णालयात नेल्यास सही कोणाची, नवरा गेल्यास बायको त्याच खोलीत राहू शकते का, अंत्यविधीचे कोण पाहते : या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवा आणि त्या त्या ठिकाणी काय लिहिले आहे ते म्हातारीला मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. नवऱ्याला दाखवलेत तरी तिला वेगळे दाखवा, कारण शेवटची काही वर्षे त्या खोलीत बहुधा तिलाच एकटीने काढायची असतात.